मीमिर या नावाबाबत माझी हरकत

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

मी, प्रमोद रघुनाथ केतकर, बी.कॉम., मूळचा सांगलीचा, राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, वय छप्पन्न, काल संध्याकाळी आजोबा झालो. गेल्या नोव्हेंबरपर्यंत एका औषध कंपनीत हिशेब विभागाचा प्रमुख होतो. ते पद आता अस्तित्वात नाही. नातवाचे नाव ठरेपर्यंत जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, एवढाच या नोंदींचा हेतू आहे. पुढे तो विचारील तेव्हा माझ्या आठवणीवर विसंबावे लागू नये.

संक्षेप: अं. म्हणजे पत्नी अंजली. ए. म्हणजे जावई एरिक. त्याचे बोलणे इंग्रजीत, नोंद बहुतांशी मराठीत. मुलगी सई, तिला संक्षेप नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळाचे कपाळ रुंद आहे. अं. म्हणते, माझे. मला तसे दिसले नाही.

सई व ए. यांनी 'आरव' हे नाव जवळजवळ ठरवले होते. जन्मवेळ कळेपर्यंत थांबावे, अशी विनंती मीच केली होती. दोघे थांबले, याचे समाधान आहे. आज सकाळी गणित मांडले. पंचांग सांगलीचे, जन्म इथला; इथली संध्याकाळ म्हणजे तिथली दुसऱ्या दिवसाची पहाट. इथले पुष्कळ लोक नेमके इथेच चुकतात. घड्याळ तसेच ठेवून पंचांग उघडतात आणि मुलाला भलत्याच नक्षत्रावर बसवतात. मी वेळ बदलून पाहिले. आश्लेषा संपून मघा लागलेले, दुसरे चरण, अक्षर 'मी'. पुन्हा पडताळले. तेच.

दोघांना संदेश पाठवला: 'नाव मी या अक्षरावरून असावे. याखेरीज माझी कोणतीही अट नाही.' ए.चे उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र आले.

मिलिंद ठेवतील बहुधा. स्वयंपाकघरात कोणी नसताना एकदा 'मिलिंदा' अशी हाक मारून पाहिली. बरी वाटली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सई घरी आली. आम्ही डबे घेऊन गेलो. अं.ने डिंकाचे लाडू नेले होते, ए.ने एक खाल्ला आणि हे नेमके कोणासाठी आहेत हे कळल्यावर दुसरा अर्ध्यातून परत ठेवला.

नाव ठरले आहे. मीमिर.

ए. म्हणाला, "बाबा, तुमचं अक्षर."

मी अर्थ विचारला. तो म्हणाला, त्याच्या पूर्वजांच्या, म्हणजे नॉर्वेकडच्या, जुन्या देवकथांतले हे नाव आहे. सर्वांत शहाणा तो. देवांचा राजा ओडिनसुद्धा त्याचा सल्ला घेई. त्याच्या विहिरीचे एक ओंजळ पाणी मिळावे म्हणून ओडिनने स्वतःचा एक डोळा काढून दिला.

मी म्हणालो, "छान आहे."

हे मी म्हणालो. साक्षीदार तीन. 'मी' ऱ्हस्व की दीर्घ, तेवढे विचारले. दीर्घ, म्हणाला.

घरी येऊन सांगलीला मेहुण्यांना फोन केला. बुद्धीची देवता आहे, आपल्या गणपतीसारखी, असे सांगितले. मेहुणे म्हणाले, "वा, वा." दोन वेळा म्हणाले, म्हणजे त्यांनाही कळले नसावे.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाचन केले. करायला नको होते, किंवा काल 'छान' म्हणण्याआधी करायला हवे होते.

मीमिरचा शिरच्छेद झालेला आहे.

देवांच्या दोन टोळ्यांत तह झाला. विश्वास राहावा म्हणून एकमेकांकडे माणसे ओलीस पाठवली. मीमिरला शहाणा म्हणून पाठवले. त्या लोकांना आपण फसवले गेलो असे वाटले. त्यांनी मीमिरचे डोके उडवून परत धाडले. ओडिनने त्या डोक्याला औषधी वनस्पती चोळल्या, कुजू दिले नाही, मंत्र म्हटले आणि आपल्याजवळ ठेवले. पुढे अडचण आली की ओडिन त्या डोक्याला विचारतो, डोके उत्तर देते.

त्यांना फसवले गेल्यासारखे का वाटले, ते मी वाचलेल्या ठिकाणी स्पष्ट नाही. शिवाय विहिरीवर बसलेला मीमिर धडासकट दिसतो, आणि इकडे नुसते डोके. आधी कोणते, नंतर कोणते? दोन कथांचा ताळा बसत नाही. मी तीन ठिकाणी वाचले, तीनही ठिकाणी निराळे.

माझ्या नातवाच्या कानात आयुष्यातले पहिले नाव म्हणून हे सांगायचे. एका कापलेल्या...

अं.ला सांगितले. तिने हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सईला फोन केला. जसे आठवते तसे:

"सई, त्याचं डोकं कापलं होतं, हे तुला माहीत होतं?"

"हो, ऑफकोर्स. बाबा, इट्स द होल स्टोरी."

"आणि तरी?"

"बाबा, गणपतीचं डोकं कोणी कापलं?"

"ते परत बसवलं."

"दुसरं बसवलं!"

"बसवलं की नाही? धड रिकामं ठेवलं नाही. इथे नुसतंच डोकं उरलं आहे."

ती हसू लागली. टाके दुखतात, हसवू नका, म्हणाली. मी हसवत नव्हतो.

मग अं.ने फोन घेतला. "अगं, मग मिहिर ठेवा की. एका अक्षराचा तर फरक."

सई: "आई, इट्स नॉट अ टायपो."

नंतर सई शांतपणे म्हणाली, "यू हॅड वन कंडिशन, बाबा. वी वेटेड फॉर इट. आरव सोडलं. आता तुम्ही कंडिशन ॲड करताय."

'याखेरीज माझी कोणतीही अट नाही' हे माझेच वाक्य. आजवर मी लिहिलेल्या वाक्याला मीच बांधला गेलो नाही असे झालेले नाही. आपली हरकत नियमात बसत नाही, हे मला दिसते आहे. तरी हरकत जात नाही. हरकत कशाला आहे, हेही धड सांगता येत नाही. डोके कापले याला, की कापल्यावरही ते बोलत राहिले याला?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी जयेशचा फोन. जयेश म्हणजे ऑफिसात माझ्या हाताखाली होता तो; माझे काम आता तोच पाहतो, पदाचे नाव बदलले आहे. "काका, सॉरी हां, पाचच मिनिटं. ते तिमाहीचं क्लोजिंग तुम्ही कोणत्या क्रमानं करायचात?" सांगितले. पुष्कळ वेळ सांगितले. नोव्हेंबरपासून त्याचे फोन येतात. मुलगा चांगला आहे.

फोन ठेवला तेव्हा अं. भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमचं तरी काय निराळं चाललंय? धड घरी, डोकं अजून तिकडेच. अडलं की विचारतात."

"गंमत करू नकोस."

"गंमत नाही करत. चिडून बोलतेय. त्यांनी तुम्हाला जेवायला तरी बोलावलं का निरोपाला?"

बोलावले नव्हते. सर्वांना एक संदेश गेला होता, त्यात माझे नाव होते.

भाकरी तव्यावर टाकून ती जवळ आली. तिचा प्रस्ताव असा: सईला सांगा, गणित चुकले. वेळ बदलताना गोंधळ झाला. अक्षर खात्रीचे नाही, तेव्हा ते सोडून द्या. अक्षर सुटले की नाव सुटेल. आरव परत येईल. कोणाचे मन दुखायचे नाही, वाद नाही, काही नाही.

"पण गणित बरोबर आहे."

"ते कोण तपासणार आहे, अहो? इथे पंचांग बघता येणारे तुम्ही एकटे."

हेच तर. मी एकटा. म्हणूनच ते...

चुकलेले गणित बरोबर म्हणून खपवणारे पुष्कळ पाहिले. बरोबर आलेले गणित चुकले म्हणून सांगायचे, हा प्रसंग नवा आहे. याला काय म्हणायचे, ठाऊक नाही. भाकरी करपली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ए. एकटाच आला. बाळाचा पाळणा जोडायला माझा पाना हवा, म्हणाला. त्याच्याकडे पाना आहे; मीच वाढदिवसाला दिला आहे.

चहा घेतला. त्याला चहा आवडत नाही, पण आमच्याकडे पितो. नंतर त्याने आपण होऊन सांगितले.

त्याची आजी, वडिलांची आई. मिनेसोटात शेत होते. ए. लहान असताना तिला झटका आला आणि मानेखाली काहीच हलेनासे झाले. तिची खाट स्वयंपाकघरात खिडकीशी आणून ठेवली, कारण घर तिथूनच चाले. पाव भट्टीतून कधी काढायचा, कुत्रा खात नाही त्याला काय द्यायचे, शेजाऱ्यांशी पुन्हा बोलायचे की नाही, सर्व तिला विचारून. ए. शाळेतून आला की तिच्या उशीवर गाल टेकून पडायचा आणि प्रश्न विचारायचा. देवांच्या गोष्टी तिनेच सांगितल्या. स्वतःला मीमिर म्हणवून घेणे ही तिचीच चेष्टा. "मीमिरला विचार," म्हणायची, आणि मोठ्याने हसायची. हसताना फक्त चेहरा हलायचा.

"आम्हाला ती अर्धी कधी वाटलीच नाही, बाबा," तो म्हणाला.

मी चहाचे कप उचलले. पाना दिला. त्याने तो नेला.

आता हरकत कोणती राहिली? अं.ला हे सर्व सांगितले. तिने डोळे पुसले, आणि नंतर म्हणाली, "तरीसुद्धा मला आरवच आवडतं." तिचे सोपे आहे. तिला जे आवडते ते तिला माहीत असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कर्स्टन आली, ए.ची धाकटी बहीण. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि बाळाची आत्या तीच. उंच आहे; आमच्या दारातून येताना वाकते. माणूस सरळ. ए.प्रमाणे तिचेही बोलणे मराठीत नोंदवतो.

अं.ने तिची तालीम घेतली. वरवंटा इथे कोणाकडे असणार? दगडी खलबत्त्यातला बत्ता दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घालायचे ठरले आहे. तोच सरावाला घेतला. आधी कानात 'कुर्रर्र' करायचे, मग नाव. कर्स्टनचा 'कुर्रर्र' फार जोरदार येतो, गाडी सुरू व्हावी तसा. त्या वेळी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे अं.ने करून दाखवले.

"मला का मारायचं?" तिने विचारले.

अं. म्हणाली, "बिकॉज यू आर आत्या."

तिला ते पटले. आम्हाला इतक्या वर्षांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आम्हालाही तेवढेच उत्तर येते.

मग बत्त्याकडे बघून तिने विचारले, "याचं नाव काय?" याला नाव नसते, मी म्हणालो. दुपट्यात गुंडाळलेला दगड, वरचा गोल तेवढा बाहेर. मला पाहवेना. मी डाक आणायला बाहेर गेलो. डाक आलेली नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सईकडे. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवले. अं. व कर्स्टन फुले आणायला गेल्या, ए. पाळण्याशी खटपट करत होता. बाळ माझ्या मांडीवर. मान अजून धरत नाही. तळहाताचा आधार द्यावा लागतो. सगळे वजन डोक्याचेच असते.

सई समोर येऊन बसली. म्हणाली, "आईने मला सगळं सांगितलं. गणित चुकलं म्हणा, असं ती तुम्हाला म्हणाली ते."

मी बाळाचे दुपटे सारखे केले.

"चुकलंय का, बाबा?"

"नाही. बरोबर आहे."

"आय न्यू इट." ती हसली. मग म्हणाली, "ओके. फर्गेट द लेटर. अक्षर, अट, ऑल दॅट. एरिकशी बोललेय मी. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. हे नाव नको असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर आम्ही नाही ठेवणार. उद्या पुन्हा आरव. ही इज ओके विथ इट. पण कारण सांगा. फक्त एकदा, नीट."

जयेश विचारतो ते मला ठाऊक असलेले. तिने विचारले, मला काय वाटते. पहिल्या प्रकारचे प्रश्न मी तीस वर्षे हाताळले आहेत. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आला की मला फाईल मागवावीशी वाटते.

मनात होते ते असे: शहाणा म्हणून पाठवले, आणि उपयोग संपताच डोके तेवढे ठेवून घेतले, असे आयुष्य याच्या वाट्याला नको. हे वाक्य आत्ता कागदावर उतरले. तिथे उतरले नाही. त्याच वेळी ए.ची आजी आठवली, उशीवर हसणारी, आणि वाक्याचे दोन तुकडे झाले. मला हे बाळाबद्दल वाटते की स्वतःबद्दल, तेही ठरेना.

मी म्हणालो, "तुम्हीच ठरवा."

सईने विचारले, "शुअर?"

"तुम्ही आईबाप आहात. तुम्हीच ठरवा. माझी हरकत नाही."

तिने मान हलवली आणि बाळ घेतले. घरी येताना मला फार हलके वाटले. अं.ला म्हणालो, शेवटी मोठ्यांनी बाजूला होणे हेच शहाणपण. ती खिडकीबाहेर पाहत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

सईच्या घरी, आतल्या खोलीत लिहितो आहे. बाहेर पाळणा बांधला आहे. पाहुणे येऊ लागले.

कर्स्टन घुगऱ्यांची वाटी घेऊन मघाशी इथे आली. तिला वाटते मी रागावलो आहे. नाही, म्हणालो. मीमिरला त्या लोकांनी मारले तरी का, ते मला कुठे सापडले नाही, असे बोलून गेलो. कुठे तरी बोलायचे म्हणून.

"ते तर आजीचं आवडतं," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसून सांगू लागली.

मीमिर एकटा गेला नव्हता. त्याच्याबरोबर आणखी एक देव पाठवला होता, होनिर. उंच, देखणा, रुबाबदार. त्या लोकांनी त्याला लगेच सरदार केले. मीमिर शेजारी असला की होनिर अचूक निर्णय द्यायचा. पण मीमिर नसताना सभेत काही अवघड विचारले की होनिर दर वेळी एकच उत्तर देई.

"काय?"

"'दुसऱ्यांना ठरवू द्या.'"

त्याच उत्तराला ते लोक कंटाळले, म्हणे. आपल्याला शहाणा म्हणून पोकळ माणूस दिला, असे त्यांना वाटले. आणि मारले मात्र मीमिरला.

"त्यालाच का?"

तिने खांदे उडवले. "आजी म्हणायची, बोलणाऱ्याचं डोकं निदान परत तरी आलं. होनिरबद्दल पुढे फारसं कोणी विचारलंच नाही." एक हरभरा तोंडात टाकून म्हणाली, "काका, तुम्ही खात का नाही? चांगले झालेत."

वाटी समोर आहे.

म्हणजे काल मी जे शहाणपण समजलो ते... की ते शहाणपणच होते, आणि होनिरही बिचारा खरे बोलत होता? आईबापांनी ठरवावे, यात चूक काय? पण तिने ठरवायला सांगितले नव्हते. काय वाटते, एवढेच विचारले होते. दोन्ही निरनिराळे आहे, हे मला आत्ता दिसते, आणि पाळणा बांधून झाला आहे.

अर्ध्या तासापूर्वी कर्स्टनने सईला, कानात कोणते नाव सांगायचे, असे विचारले तेव्हा सई काय म्हणाली, ते भिंतीपलीकडून ऐकू आले. "वेट. अजून नाही. बाबांना बाहेर येऊ दे."

ती थांबली आहे. पुन्हा थांबली आहे. मी सांगितल्यासारखी.

ओडिनने डोळा दिला तो विहिरीचे पाणी पिण्यासाठी. मला वाटत होते, माझ्याकडे किंमत म्हणून काही मागतील तर ते गणित मागतील, आणि ते मी देणार नव्हतो. सईने गणित मागितलेच नाही. ते बरोबर आहे, आणि त्याचा आज काही उपयोग नाही. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचे आहे. त्याचे पहिले अर्धे माझ्याजवळ आहे: 'मला भीती वाटते की...' इतके मी आजवर कोणाला म्हटलेले नाही. पुढचे अर्धे बोलू लागल्यावर सुचेल की नाही, याची खात्री नाही. त्यानंतर ते मीमिर म्हणतात की आरव, हेही सांगता येत नाही; ए.च्या आजीची आठवण काढली तर कदाचित मीच मीमिर म्हणेन.

अं. दाराशी आली. नऊवारी नेसली आहे, इथे फार वर्षांनी. "अहो, उठा आता. ती बिचारी कर्स्टन पाठ घट्ट करून उभी आहे धपाट्यांसाठी. काय सांगू तिला?"

"आलो म्हणून सांग."

"ते नाही. नावाचं."

"आलो म्हणून सांग."

बाळ रडू लागले आहे. आवाज मोठा आहे. चार हरभरे खाल्ले. चांगले झाले आहेत.

प्रमोद रघुनाथ केतकर
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२३ फेब्रुवारी २०२५